दूरच्या ग्रहावरची पाचवी ओळ

खाजाभाई रस्ता तिरका ओलांडत नाहीत. समोरच्या पानपट्टीवर जायचं असलं तरी आधी सरळ, मग काटकोनात.

हॉटेलात बसले की पहिल्यांदा टेबल भिंतीला समांतर करतात. मग चहा सांगतात.

खिशात सुतळीचा गुंडा, दोन मोठे खिळे आणि बडीशेप. तिन्ही एकाच खिशात. त्यांनी बडीशेप दिली तर ती चावण्याआधी नीट बघावी लागते.

दुसऱ्याच्या घरी गेले की दारातल्या सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावतात आणि मगच आत जातात.

'चूक' म्हणत नाहीत. 'फरक' म्हणतात. भाजी खारट झाली तरी म्हणतात, "थोडा फरक आला."

आणि कुठलाही कागद हाती आला की उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतात. लग्नपत्रिकासुद्धा.

खाजाभाई लातुरात फक्की मारतात. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची पांढरी भुकटी. कबड्डीचं मैदान, मंगल कार्यालयाचं पार्किंग, घराचा पाया खणण्याआधीची आखणी, सगळं त्यांच्याकडे. वय सेहेचाळीस. हा धंदा ते भूकंपानंतर शिकले. किल्लारीच्या आसपासची गावं नव्या जागी बसत होती तेव्हा एका गावाच्या आखणीवर ते रोजंदारीला होते.

त्या गावात त्यांच्या हातून एक फरक आला. तो इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

जुन्या गावात नागुबाई आणि जोहराबी यांची घरं पाठीला पाठ लावून होती. मधल्या भिंतीला एक खिडकी. नागुबाईची भाकरी तिकडे जायची, जोहराबीचं सालन इकडे यायचं. भूकंपात दोघींचं बरंच गेलं. त्याबद्दल त्या बोलत नाहीत. नवं गाव ठरलं तेव्हा दोघींनी एकच मागणी केली, पाठीला पाठ द्या. तेव्हाचे सरपंच दगडोबा यांनी भर सभेत शब्द दिला. नकाशात तसंच आलं. चौथ्या ओळीतलं शेवटचं घर नागुबाईचं, त्याच्या पाठचं, म्हणजे पाचव्या ओळीतलं शेवटचं, जोहराबीचं.

नकाशा पारदर्शक कागदावर होता. त्यावर आकडे अजून पडायचे होते. खाजाभाईंनी पाचव्या ओळीचा कागद उलटा धरला. शेवटचं घर पहिलं झालं. दोघींच्या मध्ये अठरा घरं आली.

त्यांना हे पाया खणून झाल्यावर कळलं. वय चोवीस. नोकरी चौदा दिवसांची. ते गप्प बसले.

नागुबाईने ठरवून टाकलं, दगडोबाने पैसे खाल्ले. त्या दिवसापासून तिने दगडोबाला शिव्या द्यायला सुरुवात केली, ती बावीस वर्षं चालू होती. दगडोबा तिच्या ओळीतून जाणंच सोडून बसले. मारुतीला जायचं तर गावाला वळसा.

आणि जोहराबी ही खाजाभाईंची सख्खी खाला. आईची बहीण.

माझी त्यांची ओळख एका ग्रहामुळे झाली. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. लातुरात त्याचा एकच उपयोग मला सापडला, पंचाक्षरी सरांच्या क्लासमध्ये प्रश्नसंचांचं प्रूफ तपासायचं. २०१७च्या फेब्रुवारीत बातमी आली की एका लहानशा ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह सापडले. सरांच्या डोक्यात जूनचा पालक मेळावा होता. शेजारच्या क्लासने गेल्या वर्षी रॉकेटची प्रतिकृती उभी केली होती. सर म्हणाले, "आपण अख्खा ग्रह काढू. मागच्या मैदानावर. पालकांना गच्चीवर नेऊन दाखवू. शिवशंकर, माहिती तू काढ. आखायला खाजाभाईंना बोलाव."

मी माहिती काढली. खाजाभाई आले. मैदानाच्या कडेला उकिडवे बसले. माझा कागद दोन्ही बाजूंनी बघितला. मागची बाजू कोरी होती. तिचीही खात्री करून घेतली.

"वाच," ते म्हणाले.

"सातातला चौथा ग्रह. जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा. अंतर चाळीस प्रकाशवर्षं."

"जीप जाते का?"

"प्रकाशालाच चाळीस वर्षं लागतात, खाजाभाई."

"मंग राहू दे. पुढं."

"त्याचं वर्ष आपल्या सहा दिवसांचं."

पंचाक्षरी सर मागे उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. "दर सहा दिवसांनी ॲडमिशन!"

"आणि शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे असते. तिकडे सतत दिवस. दुसरीकडे सतत रात्र. मधे एक पट्टा. तिथे सूर्य क्षितिजावर टेकलेला. उगवतही नाही, मावळतही नाही."

खाजाभाईंनी बोटाने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हंजे मगरिबची, सांजच्या नमाजाची वेळ होऊन राहिली, पन होत न्हाई."

"हो."

"सूर्य कसला?"

"लालसर. मंद. आपल्यापेक्षा आकाशात मोठा दिसेल. आणि शेजारचे ग्रह इतके जवळ आहेत की कधीकधी आपल्या चंद्राएवढे दिसतील, त्याहून मोठेसुद्धा."

"पानी?"

"माहीत नाही."

"हवा?"

"माहीत नाही."

"कागद येवढा मोठा आन् ठाऊक येवढंसंच?" ते उठले. "सर, दोन रंग लागतील. आमच्यात कायदा हाय. जे हाय ते पांढरं. जे करायचंय ते लाल. फक्की आन् गेरू."

सरांना दोन रंग आवडले. छापील पत्रकात ते शोभले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाजाभाईंनी मधोमध खिळा ठोकला, चाळीस फुटांची दोरी धरली आणि फिरून पांढरं वर्तुळ काढलं. मधून दोन रेघा टाकून पट्टा केला. एका बाजूला सूर्याची खूण. झालं. अर्धा तास. सगळं ठाऊक असलेलं संपलं.

मग त्यांनी गेरूचा डबा उघडला.

दुपारपर्यंत त्या पट्ट्यात लाल ओळी उमटल्या. खुंट्या, दोऱ्या, काटकोन. सर गच्चीवरून ओरडले, "खाजाभाई, हे काय? डोंगर काढा! खड्डे काढा!"

"गाव बसवून राहिलो, सर."

"कुणी सांगितलं?"

"रिकामी जमीन आखत न्हाईत. आखली की लोक येतात. मंग आधीच बसवलेलं बरं."

"पांढरं फारच कमी दिसतंय पण."

"सर, ठाऊकच तेवढं हाय."

सर खाली आले, लाल ओळी बघितल्या, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी मुलांना बोलावून तीन-चार-पाच फुटांच्या दोरीने काटकोन कसा साधतो ते दाखवलं. खाजाभाई कौतुकाने बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "सर हुशार हाईत. गवंड्याचं सगळं येतंय त्यांना."

मी विचारलं, "हे कुठलं गाव?"

"जुनं. खालाचं. भूकंपाआधीचं. ओळी तेवढ्या नव्या." मग थोडं थांबून, "सगळी घरं आठवत न्हाईत. विचारून यावं लागंल."

रविवारी आम्ही गेलो. किल्लारीपर्यंत बस, पुढे जीप. बसमध्ये त्यांनी मला उलट्या कागदाची गोष्ट सांगितली. खिडकीबाहेर बघत, एका दमात. मला वाटलं होतं, हा माणूस आयुष्यात कधी वाकडी रेघ काढू शकत नाही.

"आज सांगून टाकतो," ते म्हणाले. "नागुमावशीला. आधी तिच्याकडून जुनं गाव लिहून घेतो, मंग सांगतो."

नागुबाई ओट्यावर बसली होती. सत्तरीच्या बरीच पुढची, बारीक, आवाज मात्र खणखणीत. खाजाभाईंना बघून म्हणाली, "आला का फक्कीवाला? वाळला की रे. बायको जेवाय देती का न्हाई?"

"देते की, मावशी."

"हे कोन?"

"शिवशंकर. लई शिकलेला हाय."

"काय शिकला?"

"मराठी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे काळजीने बघितलं. "घरी बोलत न्हवते का?"

खाजाभाईंनी ग्रहाची हकिकत सांगितली. नागुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ व्यवहाराचे प्रश्न विचारले. बाजार कोणत्या वारी? बाभळी आहेत का? शेजारचे ग्रह चंद्राएवढे दिसतात हे ऐकून ती म्हणाली, "येवढ्या जवळचा शेजार बरा न्हवं. नदर लागती." मी हिशेब करून सांगितलं की तिथे तुमचं वय साडेचार हजार वर्षं होईल. ती म्हणाली, "आन् गुडघा?"

मग तिने जुनं गाव सांगायला घेतलं. डोळे मिटून, घरामागून घर. वेशीपासून लक्ष्मम्माचं, मग सुताराचं, मग पडकी जागा, मग कडुलिंब. खाजाभाई भराभर लिहीत होते. मी दोघांकडे बघत होतो. दोघांचेही डोळे मिटलेले. खाजाभाई न बघता लिहीत होते.

"आन् इथं मी. आन् माझ्या पाठीला जोहरा. आन् हे त्या दगड्याच्या डोळ्यांत सलत होतं. मेल्यानं पैसे खाल्ले. त्याच्या तोंडात किडे पडले न्हाईत अजून, का, तर किड्यांना बी शिसारी येती."

"मावशी," खाजाभाई म्हणाले.

"काय?"

"दगडोबा... आता म्हातारे झाले."

"म्हातारा झाला म्हनून पैसे उलटे येतेत का?"

खाजाभाईंनी वही मिटली. परत उघडली. "कडुलिंबाच्या पुढं कोन राहात होतं म्हनालात?"

मला कळलं, आज होणार नाही.

जोहराखालाकडे जायला आम्ही अठरा घरं चाललो. खाजाभाईंनी पावलं मोजली नाहीत. ती त्यांना पाठ असावीत. खालाचं घरातच बांगड्यांचं दुकान. ती खुर्चीत बसूनच बांगड्या विकते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज नागुबाईकडे चालत जायची. आता दोघींचे गुडघे गेलेत. निरोप पोरांच्या हाती जातात आणि पोहोचेपर्यंत बदलतात.

"नागु काय म्हनाली?" खालाने विचारलं.

"मेळाव्याला या म्हनलो. दोघी. जीप करतो. तिकडं आखलंय तुमचं घर. पाठीला पाठ."

खाला हसली. "येवढ्या लांब जाऊन शेजारीन मिळनार?"

"लातूरपर्यंतच, खाला."

मेळावा पुढच्या रविवारी होता. पालक अकराला येणार होते. जीप साडेआठलाच आली. नागुबाई पुढे बसली होती आणि ड्रायव्हरला चालवायला शिकवत होती. दोघींना हात धरून मैदानात आणलं. खाजाभाईंनी चौथ्या ओळीच्या टोकाला एक सतरंजी टाकली होती, तिच्या पाठी पाचव्या ओळीच्या टोकाला दुसरी. मधे लाल रेघेची भिंत. रेघेत एक वीतभर फट. खिडकी.

दोघी आपापल्या घरात बसल्या. पाठीला पाठ टेकली.

क्लासची चार-पाच मुलं गच्चीवरून बघत होती. जोहराखालाने मान मागे टाकली. ती नागुबाईच्या मानेला लागली. बराच वेळ तशीच राहिली.

मग नागुबाईचं डोकं चालायला लागलं.

"खाजा, सूर्य कुठंय?"

"तुमच्या समोर, मावशी. ती गोल खूण."

"हलत न्हाई?"

"न्हाई."

"मंग हिच्या दारात ऊन कधी येतंय?"

खाजाभाई थबकले.

"सकाळी?"

"तिथं सकाळ न्हाई."

"मंग?"

"येत न्हाई, मावशी. खालाच्या दारासमोर अंधारच."

मी त्यांच्याकडे बघितलं. आठ दिवस ते हे गाव आखत होते. प्रत्येक काटकोन तपासला होता. पाठीला पाठ लावली की एकीचं तोंड कायमच्या दिवसाकडे आणि दुसरीचं कायमच्या रात्रीकडे होतं, हे त्यांना सुचलं नव्हतं. मलाही नाही.

"म्हंजे जोहरा अंधारात बांगड्या विकनार?" नागुबाई म्हणाली.

"असू दे," खाला म्हणाली. "त्या लाल उजेडात तसा बी हिरवा चुडा मळका दिसंल. अंधारात बरं, गिऱ्हाईक रंगाची घासाघीस करनार न्हाई."

"तू गप. तू इकडं ये. मी तिकडं जाते."

"तुला डोळ्यानं दिसत न्हाई, तू अंधारात काय करशील?"

"मला दिसत न्हाई म्हनूनच! मला काय फरक पडतोय?"

दोघी दुसऱ्याला उजेड देण्यावरून भांडू लागल्या. आवाज चढले. सर पत्रकांचा गठ्ठा घेऊन धावत आले आणि दोन पावलं आधीच थांबले. मास्तर माणूस. भांडण कुठल्या पातळीवर आहे हे त्यांना लगेच कळतं.

शेवटी नागुबाईने निकाल दिला. "खाजा, दोघींचं तोंड एकीकडं कर. उजेडाकडं. शेजारी शेजारी. खिडकी बाजूच्या भिंतीत."

"हाव. पन मंग ही अंधाराकडची जागा रिकामी राहती."

"तिथं दगड्याला घाल."

खाजाभाईंच्या हातात गेरूचा डबा होता.

"घाल की! लिही त्याचं नाव. राहू दे मेल्याला जन्मभर काळोखात. शेजार तोडला त्यानं."

खाजाभाई वाकले. डबा तिरपा केला. गेरू पडला नाही. मला वाटलं डब्याच्या बुडाचं भोक बुजलं. त्यांनी बोटाने दाबून धरलं होतं.

"मावशी, दगडोबानं न्हाई तोडला."

"मंग कुनी?"

"मी. कागद उलटा धरला. पाचव्या ओळीचा. दगडोबानं दिलेला शब्द कागदावर बरोबर होता. मी उलटा आखला." ते थांबले. "चूक झाली."

नागुबाई सूर्याच्या खुणेकडे बघत होती. खालाची पाठ तिच्या पाठीला तशीच लागलेली.

"कागद," नागुबाई म्हणाली.

"हाव."

"उलटा."

"हाव, मावशी."

"आन् मी बावीस वर्षं त्याला जे बोलले ते?"

"ते माझ्या नावावर घ्या."

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुला झेपनार न्हाईत. लई भारी भारी दिल्यात मी."

आधी खालाच्या खांद्यांना हसू आलं. मग तोंडाला. "खाजा, अरे, तुझ्यामुळं मी वीस वर्षं रोज अठरा घरं गेले आन् अठरा घरं आले. डॉक्टर म्हनायचा, तुमची साखर येवढी ताब्यात कशी?" मग हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. "गुडघे गेले पन."

"हसतीस काय?" नागुबाई ओरडली. "त्या मानसानं मारुतीला जायला गावाला वळसा घातला की गं! ऊन न्हाई, पाऊस न्हाई. माझ्या भीतीनं!" ती थांबली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काय म्हनत असंल तो मला?"

"तिथलं अंधाराकडचं घर मी घेतो," खाजाभाई म्हणाले.

"घे."

"न्हाई घेनार," खाला म्हणाली. "माझ्या बहिनीचा पोरगा अंधारात राहनार न्हाई."

"मंग कुनाला घालायचं?"

पंचाक्षरी सर हळूच म्हणाले, "तिकडे क्लास काढता येईल. मुलांचं लक्ष विचलित होणार नाही."

दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. सर पत्रकं मोजू लागले.

खाजाभाईंनी झाडू घेतला. पाचवी ओळ पुसली. एका घराचं तोंड फिरवायचं म्हणजे सगळी ओळ सरकणार. त्यांनी पहिली खुंटी ठोकली, तिला सुतळी बांधली आणि दुसरी खुंटी घ्यायला वळले.

"ते राहू दे," नागुबाई म्हणाली. ती उठून उभी राहत होती, खालाच्या खांद्याचा आधार घेऊन. "जीप गेली का हाय? आधी दगडोबाकडं चल. मी समोर उभी राहते. तू बोल. कागद कसा धरला होतास ते बी करून दाखव."

"आत्ता? मावशी, अकराला लोक येनार."

"बावीस वर्षं झाली की रे."

खाजाभाईंनी सरांकडे बघितलं. सर पत्रकं मोजतच होते. खाजाभाई मला म्हणाले, "शिवा, खुंटी हलवू देऊ नको." आणि दोघींना घेऊन गेले. मैदान तिरकं ओलांडून.

अकराला पालक आले. गच्चीवरून सगळ्यांनी ग्रह बघितला. एका बापाने विचारलं, "एक ओळ का पुसली?" मी म्हणालो, "काम चालू आहे." तो म्हणाला, "एवढ्या लांब पण चालूच का?" ॲडमिशन बऱ्या झाल्या.

आज आठवा दिवस. खाजाभाईंचा फोन दोनदा आला. दगडोबा रागावले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे आता हिच्याशी बोलावं लागणार. दुसऱ्या दिवसापासून नागुबाई खाजाभाईंचा हात धरून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते आणि जुन्या शिव्या एकेक करून परत घेते. दगडोबा म्हणतात, वळसा बरा होता.

दुसऱ्या फोनवर खाजाभाई म्हणाले, पाचव्या ओळीच्या टोकाला, नागुबाईच्या पाठीला, महादेवप्पा राहतात, खालाशी घराची अदलाबदल करायला ते कबूल होतायत असं वाटतंय. पण त्यांना न्हाणीघर नवं हवंय आणि तुळस सोबत न्यायचीय. रोज बसतायत, रोज नवीन अट. मी विचारलं, इकडे कधी येणार? ते म्हणाले, इथलं जुळलं की.

सरांनी मैदानाच्या दाराला कुलूप लावलंय. पांढरी फक्की वाऱ्याने उडत चाललीय, गेरू टिकून आहे. चार ओळी पूर्ण आहेत. पाचव्या ओळीची पहिली खुंटी जागेवर आहे. सुतळी तिला बांधलेली, पुढे जमिनीवर सैल पडलेली. दुसरी खुंटी अजून ठोकायची आहे.